भगिनीभाव आणि पटसंख्या

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत मुलींच्या 'सोरॉरिटी' असतात. ग्रीक अक्षरांची नावे घेतलेली ही भगिनीमंडळे. संस्था देशव्यापी, शाखा ठिकठिकाणी. पुष्कळ शाखांचे स्वतःचे मोठे घर असते. मुली तिथे एकत्र राहतात, एकमेकींना 'सिस्टर' म्हणतात आणि हे नाते जन्मभराचे मानतात. मग अशी शाखा बंद का पडते?

कारण आपल्या ओळखीचेच आहे, पटसंख्या! घराचा खर्च सभासदांच्या वर्गणीवर चालतो. मुली कमी झाल्या की खोल्या रिकाम्या राहतात आणि भार उरलेल्यांवर पडतो. 'ती शाखा पडेल आहे' असा एकदा बोभाटा झाला की नव्या मुली तिकडे फिरकत नाहीत, आणि त्यामुळे पट आणखी घसरतो. शाखेची सनद मध्यवर्ती संस्थेच्या हाती असते, त्यामुळे शेवटचा शब्द तिचाच.

इंडियाना राज्यातल्या ग्रीनकॅसल या लहान गावी डीपॉ विद्यापीठ आहे. तिथे १८६७ साली मुलींना प्रवेश मिळाला, पण मुलग्यांच्या मंडळांत त्यांना सभासदत्व नव्हते. तेव्हा बेटी लॉक आणि तिच्या तीन मैत्रिणींनी २७ जानेवारी १८७० रोजी 'कॅपा अल्फा थीटा' हे स्वतःचेच मंडळ काढले. दार बंद होते म्हणून त्यांनी आपले घर बांधले, असे म्हणायला हरकत नाही.

त्याच विद्यापीठात 'डेल्टा झीटा' या दुसऱ्या सोरॉरिटीची शाखा १९०९ पासून होती. २००६ पर्यंत तिचे घर निम्मे रिकामे झाले होते. मध्यवर्ती पदाधिकाऱ्यांनी येऊन ३५ मुलींच्या मुलाखती घेतल्या आणि नवे सभासद मिळवण्याची पुरेशी तळमळ नाही म्हणून २३ जणींना घर सोडायला सांगितले. ती पत्रे डिसेंबरात, परीक्षेच्या तोंडावर आली. वगळलेल्यांत अंगाने जाड असलेली प्रत्येक मुलगी होती. शाखेतली एकमेव कृष्णवर्णीय, एकमेव कोरियन आणि एकमेव व्हिएतनामी मुलगीही होती. रूप पाहून निवड केली नाही, असे संस्थेचे म्हणणे होते. पण राहू दिलेल्या १२ जणींपैकी सहा जणी संतापून स्वतःच बाहेर पडल्या. फेब्रुवारी २००७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही हकीगत छापली, आणि मार्चमध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट बॉटम्स यांनी त्या संस्थेशी संबंध तोडले. म्हणजे वाचवायला निघालेली शाखा शेवटी गेलीच.

या मुलींना 'माजी सभासद' हा दर्जा देऊ केला होता. कागदावर ते सन्मानाचे वाटते. वास्तविक, घरात राहणाऱ्या लेकीला शिक्षण अर्धे असतानाच 'तू आता माहेरवाशीण' असे सांगण्यासारखे ते आहे. शिवाय एकदा दीक्षा घेतलेल्या मुलीला या परिवारातल्या दुसऱ्या सोरॉरिटीत जाता येत नाही. काही मुली खचून वर्गांनाही जाईनाशा झाल्या.

तुकडी बंद होते तेव्हा मुलांना वाईट वाटतेच, पण दोष आकड्याचा असतो हे त्यांना समजते. इथे आकड्याचा दोष माणसांच्या माथी मारला गेला. शाखा मिटवायचीच असेल तर सर्वांनी मिळून शेवटचा दिवा मालवावा. तिथे दुःख असते, पण अपमान नसतो. बेटी लॉकला परक्यांनी दाराबाहेर ठेवले होते. या २३ जणींना मात्र बहीण म्हणवणाऱ्यांनीच बाहेर काढले.