पाडव्याची कावड, 1973

घड्याळ काढून ठेवा. चपलाही. तुम्ही आता विशीतले आहात. खांद्यावर बांबू, दोन्ही टोकांना शिंक्यात तांब्याच्या कळश्या, तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं. आत पैठणची गोदावरी. तारीख 4 एप्रिल 1973, उजाडायला अवकाश आहे. अमावास्या काल संध्याकाळीच सरली, म्हणजे चंद्राचा पत्ता नाही. आग्नेयेला गुरू तेवढा वर आलाय. पुढच्या कावडीचे घुंगरू ऐकायचे आणि त्या अंदाजानं पाऊल टाकायचं. मढी मागे पडली. समोर गर्भगिरीचा चढ, आणि वर मायंबा. नगर जिल्ह्याची हद्द संपते तिथं, आष्टी तालुक्यातल्या सावरगावच्या डोंगरावर, मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. पाडव्याला तिला या पाण्यानं न्हाऊ घालायचं.

कावड भुईला टेकवायची नाही, एवढा एकच नियम. पण त्या एका नियमात सगळं आलं. पैठण सोडल्यापासून खांद्याला गाठ आलीय, आणि बसावंसं वाटलं तर आधी कोणाचा तरी खांदा मागावा लागतो.

“खांदा बदल पोरा, तिरपा चाललायस,” मागून म्हातारबा म्हणतात. बांबू मानेमागून सरकतो, कळश्या डुचमळतात. आतलं पाणी वाजतं. हा आवाज या वर्षी फारसा कुठं ऐकू येत नाही.

कारण हे बहात्तरच्या दुष्काळाचं साल. पैठणला वाळूतून बरंच चालून गेल्यावर कळश्या भरल्या, तेव्हा वरच्या अंगाला जायकवाडीची भिंत उभी राहत होती. लालबहादूर शास्त्रींनी 1965 साली पायाभरणी केलेलं ते काम. अजून तीन वर्षांनी इंदिरा गांधी तिथं येऊन धरणाचं उद्घाटन करणार, उजवा कालवा बीड जिल्ह्यात माजलगावपर्यंत जाणार, हे तुम्हाला माहीत आहे. म्हातारबांना नाही. त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि मजुरी काय देतात तेवढं विचारलं.

वाटेत रिकामी दावण, कोरडा आड, खडीचे ढीग आणि ते फोडणाऱ्या बायका. येत्या मे महिन्यात राज्यभर अशा दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसं असतील. कामावर सुकडी वाटतात, ती पोरांसाठी पदरात बांधून घरी जाते. तुमच्या फडक्यात अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीची भाकर आहे. लाल, थंड झाली की चामड्यासारखी. ठेच्याबरोबर गिळायची. पाणी मागून प्यायचं. दोन भरल्या कळश्या खांद्यावर घेऊन दारोदार तांब्याभर पाणी मागायला लाज वाटते, आणि लोक देतात, स्वतःच्या घागरीच्या तळाचं देतात, म्हणून जास्तच वाटते.

मढीतलं ते गाढव तुम्ही विसरलेला नाही. रंगपंचमीला तिथं गाढवांचा बाजार भरतो, पार लांबून व्यापारी येतात. बाजार उठला तरी मागे राहिलेलं एक, भिंतीशी बांधलेलं, कळशीच्या आवाजाकडे मान वळवून उभं होतं. पैठणच्याच एकनाथांनी रामेश्वराला निघालेली गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही गोष्ट तुम्ही कीर्तनात कितीदा तरी ऐकली आणि माना डोलावल्या. काल तेच गाढव समोर होतं, तीच पैठणची वाट, आणि तुम्ही पुढे निघालात. म्हातारबाही निघाले. मला यात ढोंग दिसत नाही. नाथांची कावड त्यांची एकट्याची होती. ही अख्ख्या गावाची, वर्गणीची, नवसाची. पण गोष्ट सांगणारे ती किती जड होती हे सांगत नाहीत, एवढं खरं.

शेवटचा चढ दगडांचा. मांड्या थरथरतात. आता तिथं गाडी थेट वर जाते, त्यामुळे हा थरथराट तुमच्या नातवंडांना समजावता येणार नाही. माथ्यावर पाय पडतो आणि पूर्वेला बालाघाटाच्या रांगांमागून सूर्य एकदम वर येतो, पाडव्याचा, शके 1895 चा पहिला. उत्तरेला पाथर्डीकडचा मुलूख, जो तुम्ही तुडवत आलात. दक्षिणेला आष्टीकडे उतरत गेलेली उघडी माळरानं. हिरवं काही शोधत नजर फिरते, ती अर्धवट पाझर तलावाच्या बांधावर अडकते. नवी माती, सरळ रेषा, आत थेंब नाही.

“त्या बांधावर माझी टोपली हाय,” म्हातारबा बोट दाखवतात. समाधीकडे अजून पाहिलेलं नाही त्यांनी.

मग शंख, हलगी, “अलख निरंजन”, रेटारेटी. परंपरा सांगते की मच्छिंद्रांचे गोरख, गोरखांचे गहिनी, गहिनींचे निवृत्ती, आणि निवृत्तींचे पैठणजवळच्या आपेगावच्या घरातले ज्ञानदेव. म्हणजे खापरपणतू-शिष्याच्या शेजारचं पाणी तुम्ही खापरपणजगुरूंच्या दारी आणलंय. फडकं सुटतं, कळशी कलते. इतके दिवस जपलेलं पाणी चार श्वासांत संपतं. दगडावरून ओघळणाऱ्या पाण्याखाली हातांच्या ओंजळींवर ओंजळी लागतात. कोणी डोळ्यांना लावतं. म्हातारबा सरळ पितात, दोनदा.

यंदा पाऊस चांगला होणार आहे. सांगावंसं वाटतं, पण कोणत्या तोंडानं सांगणार?

“चल,” रिकामी कावड तुमच्याच खांद्यावर देत ते म्हणतात, “उन्हाच्या आत खाली उतरू. उद्या हजेरी हाय, अन् मुकादम नाव कापायला टपलाय.”