पाठीमागचा तांबडा दिवा

वाहनाच्या पुढचा दिवा हाकणाऱ्याला त्याची वाट दाखवितो. पाठीमागचा तांबडा दिवा मात्र ज्याने तो पदरमोड करून लावला त्याला स्वतःला वाहनात बसल्यावर कधी दिसतही नाही, आणि त्याचा लाभ होतो तो मागून येणाऱ्या कोणा अनोळखी इसमाला. खर्च एकाचा नि सोय दुसऱ्याची असा ज्या वस्तूचा व्यवहार, तिच्याकडे धन्याचे लक्ष सहसा जात नाही, आणि म्हणून गेल्या शे-सव्वाशे वर्षांत मोटारीच्या दिव्यांत जी जी सुधारणा झाली ती आधी पुढच्या अंगाला झाली व मागच्या अंगाला, पोहोचलीच तर, कित्येक वर्षांनी, बहुधा सरकारने डोळे वटारल्यावर पोहोचली. या वहिवाटीला ठळक अपवाद एकच. एलईडी नावाचा जो अर्धवाहकाचा दिवा आज घरोघरी लागतो, तो मोटारीत शिरला तो मागल्या दाराने. पुढच्या दिव्याच्या जागी त्याची नेमणूक होण्यापूर्वी वीसेक वर्षे तो शेपटीकडे रुजू झालेला होता.

तांबड्या दिव्याची ही परंपरा मुळात रस्त्याची नव्हे, रुळांची. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली आणि आगगाडीपाठोपाठ दिवे, निशाणे व हात यांचे विलायती शास्त्रही यथाकाल या देशात रुळले. त्या शास्त्रात शेवटच्या डब्यामागच्या तांबड्या दिव्याला फार मान. तो दिसला म्हणजे गाडी सबंध आली, वाटेत जोड तुटून काही डबे मागे रुळावर राहिले नाहीत, अशी स्टेशनमास्तराची खातरजमा होते; आणि तो दिसला नाही तर मागच्या गाडीला वाट मोकळी देण्याची त्याची प्राज्ञा नसते. आजही दिवसा त्या जागी ‘एलव्ही’ या अक्षरांची पाटी असते आणि रात्री लुकलुकणारा तांबडा दिवा.

रस्त्यावर मात्र असली शिस्त नव्हती. देशावरच्या बैलगाडीला रात्री जो कंदील असे तो आसाखाली टांगलेला. बैलांच्या चालीबरोबर तो झुलत राही, चाकांच्या आऱ्यांच्या लांबलचक छाया दोन्ही बाजूंच्या शेतांवर फिरत आणि गाडीवान खुशाल घोंगडी पांघरून निजलेला असे, कारण वाट बैलांच्या पायाखालची होती. हा कंदील पुढचा ना मागचा, पांढरा ना तांबडा. तो केवळ ‘येथे गाडी आहे’ एवढे सांगे. पुष्कळ वर्षे तो परदेशी बनावटीचा असे. पुढे कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस ओगले बंधूंच्या काच कारखान्यातून प्रभाकर कंदील निघू लागला, तेव्हा महाराष्ट्रातील घरांप्रमाणे गाड्यांनाही स्वदेशी उजेड लाभला. शहरातील व्हिक्टोरियांचा थाट वेगळा. त्यांच्या दोन्ही अंगांना पितळेचे घासूनपुसून लखलखीत केलेले दिवे असत, परंतु त्यांचेही तोंड मुख्यत्वे पुढे.

मोटारीच्या मागे दिवा पाहिजे असा हुकूम निघाला त्याच्या मुळाशी टक्कर टाळण्याइतकीच पोलिसांची गरज होती. इंग्लंडात 1903 च्या मोटारकार कायद्यान्वये 1 जानेवारी 1904 पासून प्रत्येक मोटारीस नोंदणीचा क्रमांक लावणे सक्तीचे झाले, आणि रात्रीच्या वेळी धुरळा उडवून पसार होणाऱ्या मोटारीचा क्रमांक शिपायास वाचता यावयाचा तर त्यावर उजेड पाडणे भाग होते. म्हणून त्या काळचा मागचा दिवा दुतोंडी असे: मागे तांबडी काच, बगलेला साधी काच, एक रॉकेलची वात तांबड्या काचेतून मागच्याला इशारा देई आणि साध्या काचेतून क्रमांकाच्या पाटीवर प्रकाश टाकी. हिंदुस्थानात सबंध देशासाठी मोटारींचा कायदा 1914 साली झाला, त्याच्या जागी 1939 चा आला, आणि त्यानंतर 1988 चा. आजच्या नियमांतही मागच्या तांबड्या दिव्याशेजारी ती जुनी कामगिरी जशीच्या तशी नांदते आहे: क्रमांकाच्या पाटीवर पांढरा प्रकाश असलाच पाहिजे आणि ती 15 मीटरांवरून वाचता आली पाहिजे.

पण हा दिवा लावण्याचे दायित्व नेमके कोणाचे, यावर इंग्लंडात सायकलवाल्यांनी जो वाद घातला तो या सर्व इतिहासातील मला सर्वांत मनोरंजक वाटणारा भाग आहे. सायकलस्वारांच्या संघटनेचे म्हणणे असे की, पुढे काय आहे ते पाहून आपले वाहन आवरणे हे मागून येणाऱ्याचे कर्तव्य. मागे दिवा लावण्याची सक्ती पुढच्यावर केली की टक्कर झाल्यास दोष त्याच्या माथी मारावयास मोटारवाला मोकळा झाला. युक्तिवाद तसा निरुत्तर करणारा आहे, आणि पायी चालणाऱ्याच्या पाठीला कोणी दिवा बांधीत नाही हे ध्यानात घेतले तर अधिकच. पहिल्या महायुद्धाच्या काळोखात सायकलींना मागचा दिवा सक्तीचा झाला, युद्ध संपताच ती सक्ती उठली. 1927 च्या कायद्याने तडजोड केली, ती अशी की दिवा नको असेल त्याने प्रकाश परतविणारी तांबडी काच लावावी. अखेरीस 1945 साली स्वतंत्र कायदा होऊन सायकलीमागे दिवा कायमचा आला. न्याय सायकलवाल्यांच्या बाजूला होता. प्राण मात्र त्यांचेच जात होते.

इकडे पुढच्या दिव्याची भरभराट चाललेली होती. कॅल्शियम कार्बाइडवर थेंबथेंब पाणी सोडून ॲसिटिलिन वायू निर्माण करावा आणि त्याची शुभ्र ज्योत आरशासमोर जाळावी, ही युक्ती मोटारीत सर्वत्र रूढ झाली ती पुढच्या अंगाला. मागे रॉकेलची वात होती तशीच राहिली. फोर्डच्या सुप्रसिद्ध ‘टी’ मोटारीत 1915 साली पुढचे दिवे विजेचे झाले, तरी मागचा दिवा त्यानंतरही कित्येक वर्षे तेलाचाच असे आणि तो पेटविण्यासाठी धन्याला काडी ओढून मागे जावे लागे. वीज शेपटीपर्यंत पोहोचली तेव्हा तिच्याबरोबर ब्रेकचा दिवाही आला, आणि कालांतराने एकाच काचेच्या फुग्यात दोन तारा बसविण्याची रीत रूढ झाली.

हा दुतारी बल्ब अजून आपल्या रस्त्यांवर कोट्यवधींनी आहे. त्यावर 21/5 असा आकडा असतो: 5 वॉटची बारीक तार रात्रभर मंद जळते, 21 वॉटची तार ब्रेक दाबला की तिच्या जोडीला पेटते. बुडाशी पितळी टोपीला दोन खुंट्या असतात आणि त्या मुद्दाम वरखाली बसविलेल्या असतात, जेणेकरून बल्ब होल्डरमध्ये उलटा बसू नये आणि ब्रेकची तार रात्रभर जळत राहू नये. साधीच, पण ज्याला सुचली त्याच्या बुद्धीचे कौतुक करावे अशी ही तजवीज आहे. आमच्याकडील जुन्या बजाज स्कूटरना तर पुष्कळदा बॅटरीही नसे. दिव्याची वीज थेट इंजिनाच्या मॅग्नेटोतून येई, त्यामुळे मूठ पिळली की दिवे तेजाळत आणि चौकात स्कूटर उभी राहून इंजिन फुरफुरू लागले की पुढचे-मागचे दोन्ही दिवे प्राण गेल्यासारखे होत. म्हणजे ज्या क्षणी मागच्याला आपण दिसणे सर्वांत जरूर, नेमका त्याच क्षणी दिवा रजा घेई.

हॅलोजनची कथा थोडक्यात आटोपण्यासारखी आहे, कारण मागच्या दिव्याशी तिचा संबंध नाममात्र. तारेतून उडालेले टंगस्टन पुन्हा तारेवरच नेऊन बसविणारा हा बल्ब अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधकांनी सिद्ध केला आणि 1962 साली युरोपात तो मोटारीच्या पुढच्या दिव्यात आला. त्याची काच अतिशय तापलेली राहिली तरच त्याचे रसायन चालते, आणि मागच्या प्लॅस्टिकच्या लहानशा डबीत एवढी उष्णता परवडत नाही. काही थोड्या गाड्या वगळल्या तर मागचा बल्ब हॅलोजनचा नसतोच. तो जुन्या घराण्यातला साधा टंगस्टनचा बल्ब असतो, आणि ‘हॅलोजन काढून एलईडी टाका’ म्हणून गॅरेजात येणाऱ्या पुष्कळांना आपल्या गाडीतून काय निघाले हे ठाऊक नसते.

योगायोग असा की त्याच 1962 साली, त्याच जनरल इलेक्ट्रिकमध्ये, निक होलोन्याक यांनी गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडच्या स्फटिकातून दृश्य प्रकाश काढून दाखविला, आणि तो प्रकाश तांबडा होता. तो तांबडा असणे मात्र योगायोग नव्हे. अर्धवाहकातून निघणाऱ्या प्रकाशाचा रंग त्या द्रव्यातील ऊर्जेच्या अंतरावर ठरतो, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांत तांबड्याला हे अंतर सर्वांत कमी लागते; निळ्याला पुष्कळ अधिक. म्हणून तांबडा एलईडी आधी साधला, गणकयंत्रांच्या नि घड्याळांच्या आकड्यांत चमकू लागला, आणि तेजस्वी निळा एलईडी जपानात साधेपर्यंत 1990 चे दशक उजाडले. त्या निळ्यावाचून पांढरा प्रकाश होत नाही आणि पांढऱ्यावाचून पुढचा दिवा होत नाही. निळ्याच्या या कर्त्यांना, आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना, 2014 चे नोबेल पारितोषिक मिळाले. शतकभर पुढच्याचे उष्टे खाणाऱ्या मागच्या दिव्याला पदार्थविज्ञानाने असा अकल्पित अग्रमान दिला.

दार उघडले ते अमेरिकन सरकारच्या एका हुकमाने. जॉन वोएव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञाने 1974 साली सान फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींना मागच्या काचेच्या पायथ्याशी एक जादा ब्रेकदिवा लावून मागून होणाऱ्या टकरी कमी होतात असे दाखविले होते. 1986 च्या मोटारींपासून तो तिसरा, उंचावरचा ब्रेकदिवा तेथे सक्तीचा झाला. अरुंद पट्टीत मावणारा, न तापणारा आणि वारंवार बदलावा न लागणारा एलईडी या जागेला जणू मोजून शिवल्यासारखा होता. शिवाय टंगस्टनची तार पूर्ण तेजाला येण्यास सुमारे 0.2 सेकंद घेते, एलईडीला तेवढाही विलंब नाही; ताशी 100 किलोमीटर वेगाने मागून येणारी गाडी तेवढ्या अवकाशात साडेपाच मीटर पुढे आलेली असते. 1998 च्या मासेराती 3200 जीटीच्या बूमरँगच्या आकाराच्या दिव्यांनी आणि 2000 च्या कॅडिलॅक डेव्हिलने उरलेली शेपटीही काबीज केली. आमच्याकडे 2006 च्या सुमारास बजाजच्या पल्सरमागे दोन उभ्या तांबड्या रेघा दिसू लागल्या आणि मॅग्नेटोच्या चालीवर विझणारा दिवा ज्यांनी विकला, त्याच कंपनीने पुण्याच्या तरुणांना एलईडीची चटक लावली.

या चटकेतूनच पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईस कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या होल्डरात बसणारे एलईडी बल्ब विकत घेण्याची रीत पडली. कारखान्यातून निघणारा एलईडी दिवा हा सबंध दिवा म्हणून घडविलेला असतो. येथे मात्र नव्या जिनसाला जुन्या घरात बळेच नांदविण्याचा प्रकार असतो. मागच्या दिव्यातील आरसा 21 वॉटच्या तारेच्या नेमक्या जागेवर केंद्र धरून घडविलेला असतो; दांडीभोवती चिकटविलेल्या एलईडीच्या ठिपक्यांचे केंद्र निराळे पडते, म्हणून सरळ मागून दिवा झगझगीत दिसतो आणि तिरपे पाहिले तर मालवल्यासारखा. पैसे वाचविण्यासाठी पांढरा एलईडी तांबड्या काचेमागे बसविला तर त्याच्या प्रकाशात तांबड्याचा अंश मुळातच थोडा, त्यामुळे गुलाबी फिकट रंग पडतो. तांबड्या काचेमागे तांबडाच एलईडी पाहिजे. सर्वांत घातक दोष मात्र मंद नि तेज यांतील फरक पुसट होण्याचा. स्वस्त बल्बात रात्रीचा दिवा नि ब्रेकचा दिवा जवळजवळ सारखेच प्रखर असतात, आणि मग मागच्याने पुढचा थांबतो आहे हे ओळखावे तरी कशावरून?

इंडिकेटरची गंमत आणखी वेगळी. फ्लॅशर रिलेला जुन्या बल्बाच्या प्रवाहाची सवय. एलईडी 2–3 वॉटच घेतो म्हणून रिलेची समजूत होते की बल्ब गेला, आणि तो घाईघाईने लुकलुकू लागतो. यावर पुष्कळ मिस्त्री तारेत रोध जोडून देतात, जो तेवढीच वीज उष्णतेच्या रूपाने खातो. म्हणजे वाचविलेली वीज पुन्हा जाणूनबुजून जाळावयाची. एलईडीच्या प्रवाहावर चालणारा रिले बसविणे हा खरा उपाय, आणि तो रोधाहून फार महागही नाही. ज्या गाडीला कंपनीचाच सबंध एलईडी दिवा मिळतो तिला तो बसवावा. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम मूळ बनावटीत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि ब्रेक दाबताच निळेपांढरे भपके मारणाऱ्या मागच्या दिव्यांच्या बाबतीत ते कलम निद्रिस्त का, असा प्रश्न घाटात त्यांच्यामागे सापडलेल्या कोणालाही पडेल.

आणि तरीही गळिताचा हंगाम सुरू झाला की सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर या जिल्ह्यांच्या रस्त्यांवर उसाने काठोकाठ भरलेल्या ट्रॉल्या रात्रभर धावतात, आणि ट्रॅक्टरचा मागचा दिवा पहिल्या ट्रॉलीच्या आड झाकलेला, ट्रॉलीपर्यंतची वायर तुटलेली आणि उसाची वाढी पार खाली लोंबलेली असते. तेथे एलईडीचा काही पाड लागत नाही. साखर कारखाने, आरटीओ आणि पोलीस मिळून दरसाल त्या ट्रॉल्यांना व बैलगाड्यांना प्रकाश परतविणाऱ्या तांबड्या पट्ट्या चिकटवितात. त्यांना वीज लागत नाही, मात्र चिखल लागला की त्या पुसाव्या लागतात.