तारेवरून घरात आलेलं गाणं

नोव्हेंबर २००९ मध्ये लिन प्रॉडक्ट्स या स्कॉटिश कंपनीने जाहीर केलं, की वर्ष संपता संपता आपण सीडी प्लेअर बनवणं बंद करतो आहोत. सीडी बाजारात येऊन तेव्हा २७ वर्षं झाली होती आणि बहुतेक घरांतला संग्रह चकत्यांचाच होता. लिनचा स्वतःचा सीडी१२ हा प्लेअर १९९८ पासून जाणकारांच्या आदराला पात्र ठरलेला. तरीही कंपनीने पुढचा सगळा भरवसा अशा एका पेटीवर टाकला, जिच्यात चकती घालायला जागाच नव्हती. मागे नेटवर्कची तार लावायची आणि घरात दुसरीकडे ठेवलेल्या हार्ड डिस्कवरून गाणं ओढून घ्यायचं.

हे धाडस लिननेच करावं याला इतिहास आहे. इव्हॉर टिफेनब्रन यांनी १९७३ मध्ये ग्लासगोत ही कंपनी काढली ती सोन्डेक एलपी१२ या एकाच टर्नटेबलच्या जोरावर. घरच्या संगीतयंत्रात पैसा घालायचा तो स्पीकरवर, तबकडी फिरवणारं यंत्र काय, कुठलंही चालतं, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. टिफेनब्रन दुकानादुकानांत जाऊन उलट सांगत: सुईने खाचेतून जे उचललंच नाही ते पुढे कितीही महागडे स्पीकर लावले तरी ऐकू येणार नाही. मूळ उगम आधी सुधारा, बाकीचं नंतर. हा विचार ब्रिटनच्या हाय-फाय जगात असा रुजला, की दुकानदार गिऱ्हाइकाला एकाच स्पीकरवर दोन टर्नटेबलं ऐकवून खात्री पटवू लागले.

दुसरी गोष्ट अधिक टिकाऊ ठरली. एलपी१२ची नवी आवृत्ती काढून जुनी मोडीत काढायची नाही, असं धोरण लिनने ठेवलं. १९८२ मध्ये वलहल्ला हा वीजपुरवठ्याचा बोर्ड आला, १९९० मध्ये लिंगो, १९९३ मध्ये सर्कस हे नवं बेअरिंग. आणि यातला प्रत्येक भाग आधी विकलेल्या यंत्रात बसवता येई. सत्तरच्या दशकात घेतलेलं टर्नटेबल आजही दुकानात नेऊन नव्या भागांनी सजवता येतं. एकेक सुटा भाग बदलत यंत्राचा आवाज सुधारत न्यायचा, ही हाय-फायवाल्यांची सवय या आणि अशा यंत्रांनी लावली. २००७ मध्ये लिनने क्लायमॅक्स डीएस हा पहिला नेटवर्क प्लेअर आणला, तेव्हा ही सवय सोबत होतीच.

पण नेटवर्कवरून गाणं आणण्याची वाट लिनने पाडलेली नाही. ती सहा वर्षं आधी कॅलिफोर्नियात पडली, तीही अगदी निराळ्या माणसांकडून.

२००१ च्या सुमाराला परिस्थिती अशी होती: एमपी३ फाइली घरोघरच्या संगणकांत साठल्या होत्या. फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या नॅपस्टर या सेवेने १९९९ पासून तरुणांना त्यांची चटक लावली होती. पण संगणक एका खोलीत, पंखा घरघरत असलेला, आणि चांगला अँप्लिफायर नि स्पीकर दिवाणखान्यात. शॉन अ‍ॅडम्स या तरुणाच्या स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीने या दोन खोल्यांना जोडणारी पेटी बनवली: स्लिम्प-३. तिच्यात डिस्क नव्हती, पंखा नव्हता. चकाकत्या अक्षरांचा दोन ओळींचा पडदा, नेटवर्कचं एक भोक, अँपला जोडायच्या दोन वायरी आणि रिमोट. वायफायसुद्धा नव्हतं, इथरनेटची तार भिंतीकडेने ओढत आणावी लागे.

पेटी मुद्दामच कमी अकलेची ठेवली होती. गाण्यांची यादी करणं, शोधणं, पुढचं गाणं निवडणं ही सगळी कामं संगणकावरच्या सर्व्हर प्रोग्रॅमकडे होती, आणि तो प्रोग्रॅम कंपनीने मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुला केला. कोणीही तो उघडून वाचावा, बदलावा, वाटावा. एका छोट्या कंपनीला त्यामुळे फुकटात शेकडो मदतनीस मिळाले, हा त्याचा लगेचचा फायदा. खरा फायदा दिसायला आणखी अकरा वर्षं जावी लागली.

स्लिम्प-३ फक्त एमपी३ वाजवी, आणि तिथेच हाय-फायवाले नाक मुरडत. त्यांचं म्हणणं रास्त होतं. सीडीवरून सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट माहिती येते. त्या वेळच्या नेहमीच्या एमपी३ फाइलीत १२८, म्हणजे अकराव्या हिश्श्याइतकी. कानाला फारसं जाणवणार नाही ते गाळण्याचं तंत्र हुशारीचं असलं तरी झांजेचा झणत्कार आणि तंबोऱ्याची घुमारदार आस यांत ते पकडलं जाई. नेमकं त्याच वर्षी, जुलै २००१ मध्ये, जॉश कोल्सन यांनी लिहिलेल्या फ्लॅक या पद्धतीची पहिली पक्की आवृत्ती आली. ती काहीच गाळत नाही. तासाभराच्या सीडीचे साधारण ६३५ मेगाबाइट ती बहुतेक वेळा निम्म्याच्या आसपास आणते आणि वाजवताना मूळ आकडे जसेच्या तसे परत करते. २००३ मध्ये स्लिम डिव्हायसेसचा स्क्वीझबॉक्स आला, त्यात वायफाय आलं. २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीला फ्लॅक थेट समजू लागलं. सीडी आणि फाइल यांच्यातलं अंतर तिथे मिटलं.

मग चकत्या संगणकात उतरवण्याचा तो प्रचंड उद्योग सुरू झाला. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा जर्मन प्रोग्रॅम ओरखडे पडलेल्या जागा पुन्हा पुन्हा वाचून आकडे ताडून बघे. त्यात वेळ जाई, पण त्याहून जास्त वेळ जाई नावं भरण्यात. आपल्याकडच्या संग्राहकांना हा जाच सर्वांत जास्त झाला. एमपी३ फाइलीला माहितीची चिठ्ठी जोडायची पद्धत १९९६ मध्ये ठरली तेव्हा गाण्याचं नाव, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी ३० अक्षरं दिली होती, आणि संगीतप्रकार ८० प्रकारांच्या ठरीव यादीतून निवडायचा होता. त्या यादीत पोल्का होतं. ख्याल, ठुमरी, अभंग, नाट्यसंगीत नव्हतं. राग कुठे लिहायचा? ताल, संगतकार, मैफलीचं साल? नाट्यपदाचा गायक कलाकाराच्या रकान्यात गेला तर नाटककार आणि चाल देणारा कुठे? देवनागरीची सोय तर १९९८ च्या नव्या पद्धतीनंतर हळूहळू झाली. त्यातच विलंबित आणि द्रुत बंदिश दोन वेगळ्या ट्रॅकमध्ये असेल, तर एमपी३च्या रचनेमुळे दोन्हींच्या मध्ये क्षणभर शांतता पडे आणि रंगत आलेला राग तुटे. फ्लॅकने हा सांधा बुजवला. रागाचा रकाना मात्र रसिकांनी स्वतःच्या हाताने तयार केला, कारण फ्लॅकच्या चिठ्ठीत हवा तो रकाना जोडायला मुभा होती.

आता मुख्य वाद. फाइल एकच, आकडे तेच, मग पेटी बदलल्याने आवाज बदलेल कसा?

याचं उत्तर घड्याळात आहे. सीडीच्या आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या डॅकला ते अगदी समान अंतराने बाहेर टाकावे लागतात. अंतर सूक्ष्म प्रमाणात जरी डळमळलं, तरी त्याला जिटर म्हणतात आणि तो विकृती आणतो. सीडी प्लेअरपासून वेगळ्या डॅककडे जाणाऱ्या जुन्या डिजिटल तारेत आकडे आणि ठेका एकत्रच येत. डॅकला पाठवणाऱ्याच्या ठेक्याच्या मागे फरपटत जावं लागे. नेटवर्कचं तसं नाही. तिथे माहिती लहान पुडक्यांत येते, बिघडलेलं पुडकं ओळखू येतं आणि पुन्हा मागवता येतं, आलेली माहिती प्लेअरच्या स्मृतीत साठते आणि तिथून ती त्याच्या स्वतःच्या घड्याळाच्या ठेक्यावर बाहेर पडते. चकतीची थरथर नाही, दुसऱ्याच्या ठेक्याची गुलामी नाही. लिनला सीडी सोडावीशी वाटली ती या भक्कम कारणासाठी. संगणकाला यूएसबीने जोडलेल्या डॅकमध्येही गॉर्डन रॅन्किन यांच्यासारख्या अभियंत्यांनी हाच न्याय लावला: ठेका डॅकने द्यायचा, संगणकाने तो पाळायचा.

म्हणूनच या यंत्रांत बदल करायचा तर घड्याळ, डॅक, त्याच्या पुढचं अ‍ॅनालॉग सर्किट आणि वीजपुरवठा इथे पैसा लावण्यात अर्थ आहे. २०१० च्या स्क्वीझबॉक्स टचच्या मालकांनी तेच केलं. सोबत आलेला स्वस्त अडॅप्टर काढून जड ट्रान्सफॉर्मरचा वीजपुरवठा लावला, वेगळा डॅक जोडला. रसिकांनीच लिहिलेल्या एका जोडप्रोग्रॅमने तर या पेटीला यूएसबीमधून १९२ किलोहर्ट्झपर्यंतच्या फाइली पाठवायला शिकवलं, जे कंपनीने दिलेल्या रूपात तिला जमत नव्हतं. महागड्या इथरनेट तारेने आवाज खुलतो, या दाव्याला मात्र तितका आधार नाही. इथरनेटच्या जोडणीत वीजप्रवाह अलग ठेवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर प्रमाणानुसार असतोच, आणि दर्जा पाळून बनवलेली साधी तार घरातल्या अंतराला पुरून उरते.

लॉजिटेकने २००६ मध्ये २ कोटी डॉलर मोजून स्लिम डिव्हायसेस विकत घेतली आणि २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्सचं उत्पादन बंद केलं. एरवी अशा यंत्राची कहाणी इथे संपते. पण सर्व्हर खुला होता. वापरणाऱ्यांनी तो हाती घेतला, नव्या संगीतसेवा जोडल्या, चुका सुधारल्या. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा, ३५ डॉलरचा संगणक निघाला आणि थोड्याच काळात त्यावर स्क्वीझबॉक्सची नक्कल चालू लागली. स्वित्झर्लंडच्या हायफायबेरीने आणि बंगळूरच्या अलोने त्यावर बसणारे डॅकचे बोर्ड बनवले. २०२४ मध्ये लॉजिटेकने आपली ऑनलाइन सेवाही बंद केली. सर्व्हर लिरियन या नव्या नावाने चालूच राहिला.

बंद कुलपातल्या यंत्रांच्या वाट्याला दुसरं काही आलं. सोनोस या कंपनीने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं, की मे महिन्यापासून आपल्या काही जुन्या उपकरणांना नवे सुधार मिळणार नाहीत. उपकरणं धडधाकट होती, त्यांतला अँप वाजत होता; कमी पडत होती ती आतली स्मृती आणि प्रोसेसर. गिऱ्हाइकं इतकी संतापली, की कंपनीच्या प्रमुखांना माफी मागावी लागली आणि जुन्यांसाठी वेगळं अ‍ॅप ठेवावं लागलं. संगीताच्या फाइलींसाठीच्या एमक्यूए या सांकेतिक पद्धतीचं तर वर्तुळच पूर्ण झालं. २०१४ मध्ये ती वाजतगाजत आली, तिचा परवाना घेतलेले डॅक लोकांनी मुद्दाम शोधून घेतले. २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २०२४ मध्ये टायडल या संगीतसेवेने ती सोडून फ्लॅक पत्करलं.

या अनुभवाने घरच्या यंत्राची मांडणी बदलली. अँप आणि स्पीकर वीस-तीस वर्षं सहज चालतात. चांगला डॅक दहा वर्षं तरी. इंटरनेटशी बोलणारा भाग मात्र सेवा बदलल्या, पासवर्डची पद्धत बदलली, की म्हातारा होतो. २०२१ मध्ये अ‍ॅपल म्युझिकने काहीही न गाळता संगीत द्यायला सुरुवात केली, तेव्हा अनेक सुंदर जुने नेटवर्क प्लेअर त्या सेवेशी बोलूच शकत नव्हते. त्यामुळे विचारी रसिक आता या भागाला वेगळी, स्वस्त, सहज बदलता येणारी पेटी देतात आणि डॅकला हात लावत नाहीत. लिनने हेच आपल्या महागड्या रीतीने केलं: २०१६ मध्ये कॅटॅलिस्ट ही डॅकची नवी रचना आली, तेव्हा जुन्या क्लायमॅक्सच्या मालकांना ती त्याच ॲल्युमिनियमच्या पेटीत बसवून मिळाली, आणि काढलेल्या बोर्डाच्या जागी नवा बोर्ड घालून यंत्र पुन्हा दिवाणखान्यात परतलं.