आटपाट नगरातला वजीर

अक्कलकोटच्या मुस्लिम घरातले मूल तीन भाषा ऐकत वाढते. घरात दखनी, बाजारात कन्नड आणि चावडी-कचेरीत मराठी. १९४८ साली विलीन होईपर्यंत हे भोसल्यांचे संस्थान होते. १९६७ मध्ये महाजन आयोगाने अक्कलकोट कर्नाटकाला द्यावे अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. गाव कोणाचे, हा वाद कागदावर चालला. गोष्टी मात्र केव्हाच सगळ्यांच्या झाल्या होत्या. नानी ‘एक था बादशा’ म्हणून सुरुवात करी, शेजारची अज्जी ‘ओंदूरल्लि ओब्ब राजा इद्द’ म्हणे आणि शाळेत गुरुजी ‘आटपाट नगर होतं’ असे सांगत. पुढची गोष्ट पुष्कळदा एकच असे.

आज मुलांसाठी लोककथांची पुस्तके निघतात. शेवटी शब्दार्थ असतात, प्रश्न असतात. वजीर म्हणजे प्रधान, सराई म्हणजे धर्मशाळा, इन्साफ म्हणजे न्याय. यात गैर काही नाही. पण कधी कधी कठीण म्हणून मूळ शब्दच गोष्टीतून काढला जातो. मग मुलाला वाटते, नानीचे शब्द पुस्तकात बसत नाहीत. ते अशुद्ध असावेत. उलट आपल्यातलीही काही मंडळी आटपाट नगराची गोष्ट ‘त्यांची’ म्हणून बाजूला ठेवतात. नुकसान दोन्हीकडून मुलाचेच होते.

इतिहास काय सांगतो? संस्कृतात ‘शुकसप्तती’ नावाचा कथासंग्रह आहे. घरधनी परगावी गेलेला असताना पोपट रोज रात्री एक गोष्ट सांगतो आणि मालकिणीला घरी थांबवून धरतो. १३३० च्या सुमारास झियाउद्दीन नख्शबी यांनी त्याच पोपटाला फारसीत बोलते केले, तो ‘तूतीनामा’. १६३९ मध्ये गोवळकोंड्याच्या गव्वासी या कवीने तो दखनीत आणला. मराठीत ‘शुकबहात्तरी’ झाली. पोपट तोच, पिंजरे तेवढे बदलले. पुढे छापखाना आला. १८६० च्या दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी कथा मराठीत आणल्या आणि बगदादचे खलिफा, वजीर, सौदागर महाराष्ट्राच्या घराघरात पोचले. त्यांना कोणी परके म्हटले नाही.

शब्दांचेही तेच. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत अरबी-फारसी शब्दांपुढे मूळ भाषेची खूण आहे, पण ते शब्द मराठी कोशातच आहेत. कवी माधव जूलियन यांनी तर १९२५ मध्ये स्वतंत्र फार्शी-मराठी कोशच दिला. ‘चतुर प्रधानाला’ जागा देण्यासाठी वजीर हटवला, तरी त्याच पानावर ‘हुशार’, ‘बक्षीस’, ‘शिकार’, ‘बाजार’ हे शब्द उरतातच. तेही फारसीतूनच आले. मग हाकलायचे कोणाला?

समजण्याचा प्रश्न खरा आहे. पण शब्द अडला म्हणून गोष्ट अडत नाही. ‘आटपाट’चा अर्थ कोणते मूल विचारते? नगर डोळ्यांसमोर उभे राहते, ते पुरे असते. वाटसरू रात्री सराईत उतरला, घोडा बांधला, भाकर सोडून खाल्ली, एवढे ऐकले की सराई कळते. अर्थ आधी गोष्टीतून उमगू द्यावा, शब्दार्थ नंतर पाहावा. आणि ‘वजिराचे नाव काय?’ यापेक्षा ‘वजीर खोटे का बोलला?’ असे विचारावे. उत्तर देताना मूल आपोआप तो शब्द वापरते. वापरलेला शब्द विसरत नाही.

आणखी एक करता येईल. शाळेत वाचलेली गोष्ट मुलाने रात्री नानीला सांगावी. ती म्हणेल, ‘अरे, ये तो हमारीच कहानी!’ मग तिच्या तोंडचे शब्द त्याने वहीत देवनागरीत लिहून घ्यावेत. शेजारच्या अज्जीचेही लिहावेत. तीन रकान्यांची अशी वही अक्कलकोटच्या प्रत्येक घरात होऊ शकते.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी ही आपलीही भाषा आहे, हे तिथे मोठ्या माणसांनी जाहीरपणे सांगितले. मुलांना हे भाषणातून सांगावे लागू नये. आटपाट नगरात वजीर सुखाने नांदताना दिसला, की त्यांना ते आपसूक कळेल.