उपवास, लोणी आणि अपस्मार

उपवासानें अपस्माराचे झटके थांबतात, हें फार पूर्वींपासून ठाऊक होतें. पण लेंकराला उपाशी ठेवावयाचें तरी किती दिवस? उपवासांत शरीर चरबी जाळतें व रक्तांत कीटोन द्रव्यें वाढतात. मग लोणी-साय भरपूर देऊन पाव-साखर जवळजवळ बंद केली तर? १९२१ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनीं ही तोड सुचविली. पुष्कळ मुलांना गुण आला; मातांना मात्र प्रत्येक घांस तराजूंत तोलावा लागे! १९३८ सालीं फेनिटॉइन आलें आणि तराजू बहुतेक अडगळींत पडला. औषधांना न जुमानणारे झटके राहिलेच. २००८ सालीं लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयांतील तज्ज्ञांनीं अशा १४५ मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. तीन महिन्यांत पथ्यावरील शेंकडा ३८ मुलांचे झटके निम्म्याहून अधिक घटले. पथ्याविना अवघे ६.