मिलिंद : भुंगा की प्रश्न विचारणारा राजा?



बाळाच्या नावांचं एखादं मराठी पुस्तक उघडा, नाहीतर मोबाइलवर यादी काढा. 'म' अक्षराखाली 'मिलिंद' हे नाव दिसेल आणि समोर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असेल : संस्कृत नाव, अर्थ भुंगा. राजा नाही, ग्रंथ नाही, नागसेन नाही. आपल्या वस्त्यांमध्ये पन्नाशी-साठी गाठलेले कितीतरी मिलिंद आहेत. त्यांच्या आईबापांनी भुंगा डोळ्यांसमोर ठेवून हे नाव ठेवलं होतं का? मग हा अर्थ आला कुठून, आणि आपला अर्थ गेला कुठे? हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

आधी भुंग्याचं बघू. संस्कृतमध्ये 'मिलिंद' म्हणजे भुंगा हा अर्थ आहे, तो कुणी आज बनवलेला नाही. पण तो उशिराचा आहे. अमरकोशात भुंग्याला मधुव्रत, मधुकर, मधुप, द्विरेफ, भृंग, षट्पद, भ्रमर, अली असे शब्द ओळीनं दिलेत. त्या ओळीत मिलिंद नाही. हा शब्द भेटतो तो सतराव्या शतकातल्या जगन्नाथ पंडिताच्या 'भामिनीविलासा'सारख्या उत्तरकालीन काव्यात.

राजा मिलिंद त्याच्या कितीतरी शतकं आधीचा. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात वायव्य भारतात राज्य करणारा यवन म्हणजे ग्रीक राजा मेनांडर, पालीत 'मिलिंद'. त्याची राजधानी सागल, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आजच्या पाकिस्तानातलं सियालकोट. त्याची नाणी आजही संग्रहालयांत आहेत. त्यांच्या एका बाजूला ग्रीक लिपी, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी. आणि खरोष्ठीतला मजकूर आपल्या इथल्या प्राकृत भाषेत. ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो की हा राजा इतक्या न्यायानं वागला की त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या रक्षेसाठी नगरांमध्ये भांडण लागलं. शेवटी रक्षा वाटून घेतली गेली आणि तिच्यावर स्मारकं उभी राहिली. बुद्धाच्या अस्थींची वाटणी आठवते ना?

पण मिलिंद आपल्यापर्यंत पोचला तो नाण्यांमुळे नाही, 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथामुळे. मिलिंदपञ्ह म्हणजे मिलिंदाचे प्रश्न. उत्तरं देतात भंते नागसेन, पण ग्रंथाला नाव आहे प्रश्न विचारणाऱ्याचं. जगात गुरूंच्या नावाचे ग्रंथ ढिगानं सापडतील. शंका घेणाऱ्याच्या नावाचे किती सापडतात?

ग्रंथ सांगतो की या राजापुढे वादात कुणी टिकत नसे. आयुपाल नावाच्या भिक्खूंनाही त्यानं निरुत्तर केलं. बारा वर्षं सागल नगरी विद्वानांवाचून ओस पडली होती. मग नागसेन आले. आणि संवादाचा पहिला प्रश्न काय होता? भंते, तुमचं नाव काय?

नागसेनांचं उत्तर असं : मला नागसेन म्हणतात, आईबाप नागसेन, शूरसेन, वीरसेन, सिंहसेन अशी नावं ठेवतात, पण ते फक्त हाक मारण्यापुरतं, त्या नावाच्या आत कुणी कायमचा 'आत्मा' बसलेला नाही. राजा चक्रावला. तेव्हा नागसेनांनी त्याच्याच रथाचा दाखला दिला. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? यातलं एकही एकटं रथ नाही, सगळं जुळून आलं की त्याला रथ म्हणतात. राजानं ते मोकळेपणानं मान्य केलं. अनात्मवाद समजावणारा हा प्रसिद्ध संवाद एका नावाच्या चौकशीतून सुरू होतो.

आता याच्या शेजारी मनुस्मृती ठेवा. दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम आहे : ब्राह्मणाचं नाव मंगलवाचक, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनवाचक आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे ऐकून घृणा वाटावी असं. एका परंपरेत नाव म्हणजे हाक मारायची सोय. दुसऱ्या परंपरेत नाव म्हणजे जन्मल्याबरोबर कपाळावर मारलेला शिक्का. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जे पुस्तक जाळलं, त्यात हाही नियम होता.

इथं कुणी म्हणेल, धोंडू, दगडू ही नावं तर सगळ्याच जातींत होती. खरं आहे. मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून अशी नावं ठेवायची रीत सगळीकडे होती. महर्षी कर्व्यांचं नावही धोंडोच. पण फरक हाकेत आहे. ब्राह्मणवाड्यातला धोंडो मोठा झाला की धोंडोपंत व्हायचा. महारवाड्यातला धोंडू म्हातारा झाला तरी गावातलं शेंबडं पोर त्याला 'ए धोंड्या' म्हणायचं. नाव एकच असलं तरी जात ते दोन रीतीनं उच्चारायला लावते. म्हणून केवळ नाव बदलून भागत नाही, पण नाव न बदलताही भागत नाही.

बाबासाहेबांना हे पुरतं ठाऊक होतं. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत कॉलेज निघालं, नाव सिद्धार्थ. १९५० साली औरंगाबादला कॉलेज सुरू झालं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं, आणि परिसर झाला नागसेनवन. धम्मदीक्षा १९५६ ची. म्हणजे दीक्षेच्या कितीतरी आधी बुद्धाचा इतिहास पाट्यांवरून लोकांच्या तोंडी रुळू लागला होता. आणि औरंगाबादच्या नावांची जोडी नीट पाहा. परिसर नागसेनांचा, म्हणजे उत्तर देणाऱ्याचा. कॉलेज मिलिंदाचं, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याचं. निजामाची राजवट संपून जेमतेम दोन वर्षं झाली होती. मराठवाड्यातल्या ज्या पोराला शाळेच्या दारातही नीट उभं राहू दिलं जात नव्हतं, त्याला या नावानं काय सांगितलं? इथं मान खाली घालून ऐकायला येऊ नकोस, विचारायला ये. मी तरी ही पाटी अशी वाचतो.

त्यानंतर हे नाव घराघरांत गेलं. पण इथं आपणही इतिहासाशी प्रामाणिक राहिलं पाहिजे. सगळे मिलिंद बाबासाहेबांमुळे झाले असं म्हणणं चूक ठरेल. क्रिकेटपटू मिलिंद रेगे यांचा जन्म १९४९ चा, कॉलेज निघायच्या आधीचा. पुढे अभिनेते मिलिंद सोमण, मिलिंद गुणाजी, लेखक मिलिंद बोकील, राजकारणात मिलिंद देवरा, आणि आपल्या भीमगीतांच्या परंपरेतले, प्रल्हाद शिंदे यांचे चिरंजीव मिलिंद शिंदे. हे नाव महाराष्ट्रात जातींच्या भिंती ओलांडून पसरलं. माझ्या मते त्याचे दोन प्रवाह आहेत. एक संस्कृत काव्याच्या आवडीतून आलेला, तिथं मिलिंद म्हणजे कमळावरचा भुंगा. दुसरा नागसेनवनातून आणि धम्मक्रांतीतून आलेला, तिथं मिलिंद म्हणजे प्रश्न. नावांच्या यादीत पहिलाच अर्थ उरला, कारण यादी कुणी केली हेही महत्त्वाचं असतं. दुसरा अर्थ लिहून ठेवायचं काम आपलं होतं.

नाव म्हणजे किरकोळ बाब, असं आंबेडकरी माणसाला तरी कुणी सांगू नये. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे शहीद झाले. प्रत्यक्ष नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. एका नावासाठी सोळा वर्षं आणि माणसांचे जीव. भुंग्याच्या नावासाठी कुणी कुणाचं घर जाळत नाही. ज्या नावात इतिहास असतो, त्याचीच भीती वाटते.

आता थोडं आपल्याशी. आज तरुण जोडपी बाळासाठी नवं, छोटं, कुणाचंच नसलेलं नाव शोधतात. मिलिंद म्हणजे बाबा-काकांच्या पिढीचं नाव, असं त्यांना वाटतं. ठेवा तुम्हाला हवं ते नाव, नावाची सक्ती आपल्या विचारात बसत नाही. माझी काळजी वेगळी आहे. नाव राहील आणि गुण जाईल, ही.

मिलिंदाला नागसेनांनी एक अट घातली होती. पंडितासारखा बोलणार असशील तर बोलतो, राजासारखा बोलणार असशील तर नाही. पंडितांच्या वादात गुंता होतो, उकलतो, चूक दाखवली जाते, चूक मान्य केली जाते, आणि तरी पंडित रागावत नाहीत. राजे मात्र एक मत मांडतात, आणि जो नाही म्हणेल त्याला शिक्षा करा म्हणतात. मिलिंदानं, राजा असून, पंडितांची अट स्वीकारली.

आपल्या गटांमध्ये, विहारांमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर आपण कसे बोलतो? एखाद्या पोरानं नेत्याला हिशोब विचारला, पोरीनं विहार समितीत बायका का नाहीत म्हणून विचारलं, की लगेच 'तू कुणाचा माणूस, कुणी पाठवलं तुला' सुरू होतं. हे राजासारखं बोलणं झालं. आणि प्रश्न विचारणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं : मिलिंद मोठा ठरला तो फक्त प्रश्नांमुळे नाही. बरोबर उत्तर मिळाल्यावर ते मान्य करण्याची हिंमत त्याच्यात होती.

तेव्हा तुमच्या घरात, नात्यात एखादा मिलिंद असेल तर त्याला त्याच्या नावाचा हा इतिहास सांगा. पुढच्या नामकरणाला विहारात जमाल तेव्हा नावासोबत त्याचा अर्थही माइकवरून सांगा, आपला अर्थ. आणि त्या बैठकीत कुणी अडचणीचा प्रश्न विचारला, तर त्याला खाली बसवू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!