क्रोम 45 आणि हुकलेली निविदा

मंगळवार, 1 सप्टेंबर 2015 : गुगलने क्रोम 45 आणलं आणि जावासारखे एनपीएपीआय प्लगइन चालवायची सोय कायमची काढली. घोषणा 2013 मध्येच झाली होती. एप्रिल 2015 पासून ती सोय सेटिंगमधून मुद्दाम चालू करावी लागे. ई-निविदेवरची डिजिटल सही मात्र अजून जावावरच होती.

त्याच आठवड्यात, रिसोडमधलं आमचं सेवा केंद्र :

सकाळी 11:00 : कंत्राटदार भाऊ डिजिटल सहीचं ई-टोकन घेऊन हजर. अनामत भरलेली, दरपत्रकाची एक्सेल तयार. मुदत दुपारी 3 ची, तीही सर्व्हरच्या घड्याळाने.

11:30 : लाइन गेली.

12:05 : लाइन आली. क्रोम पुन्हा उघडलं आणि गुपचूप उतरून बसलेलं अपडेट लागू झालं.

12:15 : टोकनचा पिन विचारणारी खिडकी येईना. तिच्या जागी राखाडी चौकोन. "काल तं चालू होतं ना, आज काय झालं याले?" भाऊंचा सवाल.

1:00 : जावा काढून पुन्हा टाकलं. फरक शून्य. सेटिंगमधला तो पर्यायही गायब.

1:50 : इंटरनेट एक्सप्लोरर उघडलं. तिथे जावा ॲक्टिव्हएक्समार्गे चालायचं. टोकन ओळखलं, पण सुरक्षेच्या नावाखाली जावाने पोर्टलच अडवलं. अपवादांच्या यादीत पत्ता घातला, तेव्हा लॉगिन झालं.

2:35 : तांत्रिक लिफाफा चढला. प्रत्येक फाइलवर सही, त्यात नेट संथ.

2:56 : दरपत्रक चढतंय.

3:00 : मुदत संपली. 'फ्रीज'चं बटण दाबायचं राहिलं, आणि त्याशिवाय निविदा सादर झाली असं धरत नाहीत.

क्रोम 45 ची बीटा आवृत्ती आधीच फुकट मिळत होती. लॉगिन, पिन, सही, फाइल चढवणं, फ्रीज हे पाच टप्पे तिच्यावर एकदा चालवून पाहिले असते, तर राखाडी चौकोन पोर्टलवाल्यांना आधी दिसला असता. मार्च 2017 मध्ये फायरफॉक्स 52 नेही जावाला रामराम ठोकला. 2021 मध्ये क्रोमने दोन आवृत्त्यांमधलं अंतर 6 वरून 4 आठवड्यांवर आणलं. म्हणजे तपासणीही तेवढ्याच वेळा हवी. पोर्टल चालवणाऱ्यांनी ती बीटावर करावी, आणि निविदा भरणाऱ्यांनी निदान आदल्या दिवशी टोकन लावून लॉगिन करून पाहावं.